सोळा सोमवारांची चरबी

कार्तिकातला शेवटचा सोमवार, सकाळ. हजर: मी, माझा नवरा, चाकाच्या खुर्चीत, त्याची धाकटी बहीण, उपाशी, आणि हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाई, ज्यांच्या टेबलावर रबराचा एक पिवळा गोळा ठेवलेला होता. गैरहजर: चांगली बातमी.

आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते कळेल.

नवऱ्याचं लिव्हर निकामी होत चाललं होतं. लिव्हर म्हटलं की लोक आवाज खाली आणून विचारतात, "घेत होते का?" नाही. आयुष्यात थेंब घेतला नाही. अंगाने बारीक, पण वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये चरबी साठत गेली, मग त्याला सूज आली, मग ते कडक झालं. बारीक माणसाचंही असं होऊ शकतं हे आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. पोटात पाणी साठायचं, ते काढून आणायचं, पुन्हा साठायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: दुसरं लिव्हर हवं. जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा काढून बसवता येतो, आणि नंतर दोघांच्याही पोटात ते वाढून जवळपास पूर्ववत होतं. माझा रक्तगट जुळला नाही. नणंदेचा जुळला.

नणंद चव्वेचाळीस वर्षांची. इथे बेंगळुरूच्या शिवाजीनगरला तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, वरच्याच खोलीत एकटी राहते. लग्न केलं नाही, हौसेने केलं नाही असं ती सांगते. यांचं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्यांचं, की मराठी बोलताना मध्येच कन्नड शिरतं आणि त्यांना ते कळतही नाही. मी पुण्याहून लग्न होऊन आले; पंचवीस वर्षं झाली तरी नणंदेच्या लेखी मी अजून पाहुणीच. "मी देते," ती लगेच म्हणाली होती. "अण्णाला काय, स्वल्प तुकडाच तर द्यायचा. कापड बेतणं माझं रोजचं काम आहे."

पण श्रावणात तिची तपासणी झाली आणि तिच्याही लिव्हरमध्ये चरबी निघाली. मर्यादेच्या वर. असा तुकडा ज्याला बसवायचा त्याच्याकडे नीट चालत नाही, आणि देणाऱ्याकडे उरलेल्या भागालाही धोका असतो. डॉक्टर म्हणाले, कमी करून या, मग बघू. कार्तिकात पुन्हा तपासू.

ती घरी गेली आणि तिने दोन गोष्टी केल्या. तेल आणि तूप घरातून हद्दपार केलं, फोडणीसुद्धा पाण्यात. आणि अण्णासाठी सोळा सोमवार धरले.

तर, तो कार्तिकातला शेवटचा सोमवार म्हणजे तिचा सोळावा. दुसऱ्या तपासणीचा निकाल आला होता. चरबी कमी झाली नव्हती. जराशी वाढलीच होती.

नणंदेचा चेहरा पडला. "मॅडम, मशीन चुकलं असेल. चार महिने एक थेंब तेल नाही! शेंगदाण्याचं कूट नाही की खोबरं नाही!"

आहारतज्ज्ञ बाई तिशीतल्या, शांत, कन्नडमध्ये बोलणाऱ्या. त्यांनी पेन उघडलं. "बरं. मग काय खाता ते सांगा. आज काय खाल्लं?"

"आज सोमवार. उपास."

"उपासाला काय खाता?"

"फार काही नाही." नणंद बोटं मोजायला लागली. "सकाळी साबुदाण्याची खीर. तूप नाही, म्हणून साखर जरा जास्त, ताकद राहावी ना. मग केळी. दुपारी रताळी उकडून, गूळ लावून. शिलाईला बसलं की चक्कर येते म्हणून मोसंबीचा ज्यूस. मग खजूर. संध्याकाळी उपास सोडते, तेव्हा भात आणि सार. बाकीच्या दिवशी हलकंच. तांदळाची गंजी, म्हणजे पेज, फळं, गुळाची कॉफी."

बाईंचं पेन मध्येच थांबलं होतं.

खुर्चीतून एक विचित्र आवाज आला. मी दचकून पाहिलं. नवरा हसत होता. कित्येक आठवड्यांनी. "पुट्टी," तो म्हणाला. कन्नडमधलं 'छोटी'; लहानपणापासून तो तिला तेच म्हणतो. "हा उपास आहे की पंगत?"

"गप रे अण्णा! तुझ्यासाठीच चाललंय."

बाईंनी रबराचा पिवळा गोळा उचलून तिच्या हातात दिला. "ही चरबी. ही फक्त तोंडातून आत जाते असं तुम्हाला वाटतं. पण शरीर ती बनवतंही. आणि बनवायचा मोठा कारखाना कुठे आहे, माहीत आहे? लिव्हरमध्ये."

इथून पुढची वीसेक मिनिटं मी खुर्चीच्या टोकावर बसून होते. माझं काम सांगायला हवं: मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. कुठला माल दाराशी ठेवायचा, कुठला माळ्यावर टाकायचा, कशाला जागा जास्त लागते, काय लगेच मागतात आणि काय वर्षभर कोणी विचारत नाही, हेच माझं आयुष्य. आणि ही बाई मला सांगत होती की माझ्या नणंदेच्या अंगात दोन स्टोअर आहेत!

पहिलं छोटं. साबुदाणा, भात, रताळं, साखर हे सगळं पोटात गेलं की त्याची साखर होते. लागेल तेवढी जळते. उरलेली शरीर साखळीसारखी एकमेकांना जोडून ठेवतं, लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. झाडांचा स्टार्च तसा हा प्राण्यांचा. मागितलं की लगेच मिळतं. पण हे स्टोअर लहान, जेमतेम एखाद्या दिवसाचं. शिवाय ग्लायकोजेन स्वतःबरोबर पाणी धरून बसतं, वजनाच्या तिपटीएवढं, म्हणून त्याला जागा फार लागते.

"आणि ते भरलं की?" मी विचारलं.

"की लिव्हर जादा साखरेची चरबी करायला घेतं. ते दुसरं स्टोअर. त्याला जवळजवळ तळच नाही."

"मग सगळंच तिकडे का नाही ठेवत?"

"कारण काढायला वेळ लागतो. बस सुटत असताना धावायचं तर साखरच हवी. मेंदूलाही चरबी थेट चालत नाही. आणि एकदा साखरेची चरबी झाली की उलटा रस्ता जवळजवळ बंद. चरबी जाळता येते, तिची परत साखर करता येत नाही, अगदी थोडी सोडली तर."

"मग सगळंच साखरेच्या रूपात का नाही?"

बाई आता हसायला लागल्या होत्या. "वजन. एका ग्रॅम चरबीत साखरेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते, आणि ती कोरडी. तुमच्या अंगातली सगळी चरबी ग्लायकोजेन म्हणून, पाण्यासकट ठेवली असती, तर तुम्हाला या खुर्चीतून उठता आलं नसतं. म्हणून हिंडणारे जीव चरबी साठवतात. दूर उडणारे पक्षी निघण्याआधी चरबीच भरून घेतात. बटाट्याला कुठे जायचंय? तो मजेत स्टार्च साठवतो. बीला मात्र दूर जायचं असतं, लहानशा जागेत सगळी शिदोरी घेऊन. म्हणून कितीतरी बियांत तेल. तीळ, मोहरी, शेंगदाणा."

"तांदूळ पण बीच आहे," मी म्हटलं. "गहूसुद्धा. त्यात तर स्टार्च."

"वहिनी," नणंद कळवळून म्हणाली, "त्यांना घरी जाऊ दे."

"बरोबर आहे त्यांचं," बाई म्हणाल्या. "हा नियम नाही, कल आहे. गवताच्या जातीने स्टार्च धरला. पण गव्हाचा अंकुर फोडून बघा, त्यातही थोडं तेल सापडेल." मग त्या नणंदेकडे वळल्या आणि आवाज बदलला. "तुम्ही तेल कमी केलंत ते वाईट नव्हतं. पण तेलाच्या जागी दिवसभर साखर घातलीत. छोटं स्टोअर कधी रिकामंच झालं नाही, त्यामुळे मोठ्यातून काढायची वेळच आली नाही. वर भर पडत राहिली."

नणंद हातातल्या पिवळ्या गोळ्याकडे बघत होती. "म्हणजे माझ्या सोमवारांनीच?"

"उपासाने नाही. साबुदाण्याने." मग बाईंनी लगेच जोडलं, "ही चरबी लवकर साठते तशी लवकर उतरतेही. लिव्हरमधली तर आधी उतरते. पण डॉक्टर फार थांबणार नाहीत. संक्रांतीनंतर शेवटची तपासणी."

शेवटची. म्हणजे त्यानंतर अनोळखी, मेलेल्या माणसाच्या लिव्हरची वाट बघायची, आणि ती वाट किती लांब असते ते आम्ही वॉर्डात पाहिलं होतं. नवऱ्याला तेवढा वेळ नव्हता.

बाहेर आल्यावर मी घाबरलेली असायला हवी होते. खरं सांगायचं तर मला हुरूप आला होता. चार महिने आम्ही अंधारात चाचपडत होतो. आता यंत्र कसं चालतं ते कळलं होतं. बिघाड कळला की माझं अर्धं काम होतं.

टॅक्सीत नवरा म्हणाला, "आज बसवनगुडीला शेंगांची जत्रा."

दर वर्षी कार्तिकाच्या शेवटच्या सोमवारी ही जत्रा भरते. शेतकरी भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लावतात, सगळा रस्ता शेंगांचा होतो. नवऱ्याने ती जन्मापासून एकदाही चुकवली नव्हती. गर्दीत खुर्ची जाणं अशक्य, म्हणून टॅक्सी लांब उभी केली, तो काच खाली करून बसला, आणि आम्ही दोघी आत घुसलो.

ढीगच ढीग. भाजलेल्या, उकडलेल्या, मातीसकट ओल्या. नणंद एका ढिगापुढे थांबली आणि तिला एकदम आठवलं. "अय्यो! वहिनी! शेंगदाणा तर उपासाला चालतो!"

"चालतोच की."

"मग जे चालत होतं ते मी तेलाच्या भीतीने सोडलं, आणि साबुदाणा गिळत बसले?" ती तिथेच उभी राहून शेंग फोडायला लागली. सोळाव्या सोमवारी, भर रस्त्यात, दाणा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "चार महिन्यांनी!"

"मूठभरच," मी म्हटलं. "तेही साखरेच्या जागी, साखरेच्या वर नाही."

मला मात्र स्वस्थ बसवत नव्हतं. पर्समधून कागद काढला, त्यावर भाजलेला दाणा नखाने चिरडून घासला. शेजारच्या गाडीवर उकडलेली रताळी होती. त्यातलं थोडं घेऊन दुसऱ्या बाजूला घासलं. रताळ्याचा ओला डाग उन्हात वाळेपर्यंत आम्ही तिथेच धक्के खात उभ्या राहिलो. मग कागद सूर्यासमोर धरला. रताळ्याच्या जागी नुसती खरखरीत पूड. दाण्याच्या जागी कागद काचेसारखा, पलीकडचं ऊन दिसणारा.

"बघ! हा प्रवासाला निघालेला, आणि हे घरी बसलेलं!"

नणंदेने कागद हातात घेतला, मान तिरकी करून बघितला. "माझ्या दुकानात सांगू का? रताळं म्हणजे काउंटरवर कापून ठेवलेले तुकडे. गिऱ्हाईक आलं की द्या. आणि हा दाणा म्हणजे माळ्यावरचा ताका. घट्ट गुंडाळलेला. शिडी लावल्याशिवाय मिळत नाही."

"आणि तू रोज काउंटर भरत राहिलीस."

"म्हणून शिडीला कोणी हातच लावला नाही. सरी, बरं." तिने कागदाची घडी करून ब्लाउजात खोचली. "आता शिडी लावू."

टॅक्सीपाशी परतल्यावर तिला अजून एक आठवलं. सोळा सोमवार पुरे झाले की सतराव्याला उद्यापन करायचं, गव्हाचा चुरमा करून: जाड कणीक, भरपूर तूप, गूळ. प्रसाद, म्हणजे व्रत करणाऱ्याने खायलाच हवा. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "स्टार्च, साखर आणि चरबी. तिन्ही एका लाडवात."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. थांबेल. महादेवाला थांबायची सवय आहे."

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. गंजी बंद, ज्यूस बंद, गूळ बंद. भात एक वाटी, सपाट भरून, शीग लावायची नाही. डाळ, पालेभाजी, ताक, अंडी, मूठभर शेंगदाणे. जेवण झालं की मशीनवर बसायचं नाही, चालायचं. बाईंनी कारण सांगितलं होतं: स्नायूंमधलं छोटं स्टोअर चालून रिकामं केलं, की पुढच्या जेवणातली साखर तिथे जाते, लिव्हरवर बोजा कमी. नणंद जेवून शिवाजीनगरच्या बाजारात फेऱ्या मारायला लागली. फळवाले तिला हाका मारायचे, "अक्का, केळी?" आणि ती ओरडायची, "साकु!" पुरे.

पहिल्याच आठवड्यात वजन धाडकन उतरलं. तिने सकाळी फोन केला, आवाजात पेढे वाटत असल्यासारखा आनंद. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, यातलं बरंचसं पाणी. ग्लायकोजेन उतरलं की त्याने धरलेलं पाणीही जातं. चरबी आत्ता कुठे हलायला लागेल.

"पाणी?" नणंद किंचाळली. "पाणी घालवायला मी गुळाची कॉफी सोडली?"

"काउंटर रिकामं झालंय," मी म्हटलं. "आता शिडी."

मार्गशीर्षात वाईट दिवस आले. नवऱ्याच्या पोटातलं पाणी आता लवकर लवकर साठायला लागलं. तो बोलताना मध्येच थांबायचा आणि कुठला शब्द हवा होता ते विसरायचा. नणंदेने एकदा येऊन त्याला तसं पाहिलं आणि घरी जाऊन ठरवलं की आता काहीच खायचं नाही. दोन दिवस मला काही कळू दिलं नाही; तिसऱ्या दिवशी दुकानात चक्कर येऊन खुर्चीवर बसली, तेव्हा मदतीच्या बाईने मला फोन केला.

मी तिथे पोचले तेव्हा ती अर्धवट शिवलेल्या ब्लाउजांच्या मधोमध बसली होती.

"उपाशी राहिलं की चरबीच जळेल ना?" ती म्हणाली. "साखर तर घालतच नाही."

"मेंदूला साखर लागते, आठवतंय? चरबीची साखर होत नाही. मग शरीर स्नायू तोडून साखर बनवतं. तुला ऑपरेशन टेबलावर झोपायचंय. लाकूडफाटा होऊन नाही."

"तुला भीती वाटत नाही का गं, वहिनी?"

"वाटते," मी म्हटलं. "म्हणून तर डबा आणलाय." तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि वरणात बुडवला. मी समोर बसून राहिले.

संक्रांत आली. इथल्या रीतीने शेजारणीने एळ्ळु-बेल्ल दिलं: तीळ, शेंगदाणे, सुकं खोबरं, डाळं आणि गुळाचे बारीक खडे, सगळं एकत्र. नणंद आमच्याकडे होती. ती वाटी घेऊन बसली आणि गुळाचा एकेक खडा उचलून माझ्या वाटीत टाकायला लागली.

"हे काय?"

"मी नुसते तीळ घेतले. गोड बोलायचं काम या वर्षी तुझं."

नवरा पलंगावरून बघत होता. त्याला त्या दिवशी बरं होतं. "पुट्टी, तुझ्या लिव्हरची एवढी बडदास्त! मला मिळेल तेव्हा मी त्याला भात तरी घालू ना?"

"एक वाटी," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

तपासणी झाली. निकालाला बसलो तेव्हा नणंदेने तो जत्रेतला कागद काढला. दाण्याचा डाग अजून पारदर्शक होता. ती त्यातून खिडकीकडे बघत राहिली. मी भिंतीवरची अग्निशमनाची सूचना इतक्यांदा वाचली की आग लागली असती तर आख्खा मजला मी सोडवला असता.

डॉक्टर आले. मागे आहारतज्ज्ञ बाई. त्या आधीच हसत होत्या, त्यांना ते लपवता आलं नाही. मर्यादेच्या खाली. चांगलीच खाली.

"पास?" नणंदेने विचारलं.

"पास."

ती उभी राहिली आणि भर कॉरिडॉरमध्ये ओरडली, "माझं लिव्हर पास!" दोन नर्स वळल्या, एका म्हाताऱ्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. तिने बाईंना मिठी मारली, मग मला, मग नवऱ्याच्या खुर्चीपुढे गुडघ्यावर बसली. तो तिचा हात धरून बसला, आणि मग म्हणाला, "स्वल्पच दे हं."

त्यानंतर कामांना वेग आला. नातं सिद्ध करायचे कागद, समितीपुढची मुलाखत, रक्त, दातांची तपासणी, माझी रजा, तिच्या गिऱ्हाइकांचे राहिलेले ब्लाउज. सगळं झालं. ऑपरेशनची तारीख मिळाली. पुढच्या आठवड्यात आहे. दोघांच्या बॅगा दाराशी आहेत.

एकच काम राहिलंय. परवा मी नणंदेला म्हटलं, ऑपरेशनआधीचा सोमवार मोकळा आहे, उद्यापन उरकून घेऊ, एवढासा लाडू खाल्ल्याने काही होत नाही.

"एवढ्या कष्टाने रिकामं केलेलं लिव्हर आता मी तुपाने भरू?" ती म्हणाली. "नाही. अण्णा स्वतः उठून पाटावर बसेल. पहिला चुरमा त्याला, दुसरा मला. त्याआधी नाही."

मी वाद घातला नाही. गूळ आणून ठेवलाय. गहू निवडून, उन्हं देऊन डब्यात भरलेत. दळून आणणार होते, पण थांबले. गहू अख्खे असतात तोवर टिकतात. एकदा दळले की अंकुरातलं ते थोडंसं तेल उघडं पडतं, आणि कणीक खवट व्हायला लागते. किती दिवस ठेवावे लागतील ते मला माहीत नाही.

दळण बाकी आहे.